पातेल्यातले पाय

दीपानं श्रीरंगला स्वयंपाकघरात बिअर करायला बंदी घातली, याला कारण तसंच होतं. पहिल्या खेपेला त्यानं वीस लिटर बार्लीच्या काढ्यात हॉप्सची वाळकी फुलं मोकळीच सोडली होती. बिअरला कडवटपणा येतो तो या फुलांमुळे. पण उकळल्यावर त्यांचा पार पालापाचोळा होतो. तो पातेल्याच्या तोटीत जाऊन बसला. काढा गार झाला तरी थेंब बाहेर येईना. शेवटी श्रीरंगनं तोटीला तोंड लावून जिवाच्या आकांतानं फुंकर मारली. पाचोळा मागे सरकला आणि काढा पुढे आला. थोडा श्रीरंगवर, बाकीचा कार्पेटवर. अमेरिकेतल्या बॉथेलच्या त्या घरात पुढे आठवडाभर चालताना चपला चिकटत होत्या.

"परत हे घरात दिसलं ना, तर एक तर तू राहशील नाहीतर मी!" दीपा म्हणाली.

घरात, असं ती म्हणाली होती. मागच्या अंगणातल्या लाकडी डेकबद्दल काही बोलली नव्हती. श्रीरंग पुण्याचा असल्यामुळे हा फरक त्याच्या लगेच लक्षात आला.

आता प्रश्न एवढाच होता, की हॉप्स कोंडायच्या कशात? बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानातल्या दाढीवाल्यानं सल्ला दिला, "बायकांचे नायलॉनचे मोजे घे. पार कमरेपर्यंतचे. फुलं आत राहतील, काढा खेळता राहील. पण मोठी साइज घे. फुलं फुगतात."

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर श्रीरंग एका मोठ्या दुकानात त्या मोज्यांसमोर उभा राहिला. काळ्याचा रंग सुटेल म्हणून त्यानं अंगाच्या रंगाचे निवडले, आणि साइज जाड बायकांची, क्वीन. सेल होता, म्हणून सहा पाकिटं घेतली. वळतो तर मागे आसावरीकाकू. इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. त्यांना सांगितलं की वेगळी नोटीस काढावी लागत नाही.

"काय रे श्रीरंग, दीपासाठी का?"

हो म्हणावं, तर काकू दीपाला विचारणार आणि बिअर उघडकीला येणार. "नाही नाही काकू! दीपासाठी नाही. ऑफिसचं काम आहे."

काकूंनी चष्मा वर करून पाकीट वाचलं. "क्वीन साइज?"

"टीम मोठी आहे," श्रीरंग म्हणाला.

शनिवारी सकाळी दीपानं चहाचा कप त्याच्यासमोर आदळला. "ऑफिसमध्ये काम वाढलंय वाटतं?"

"हो ना यार. खूपच."

"टीमपण मोठी आहे म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

त्यानंतर दीपाचा आवाज असा काही चढला, की शेजारच्या मिसेस लार्सननी कुंपणापलीकडे गुलाबाला पाणी घालणं थांबवलं. श्रीरंगला एकच कळलं, बिअरचं बिंग फुटलंय. "सॉरी गं, पण मला राहवत नाही," तो कळवळून म्हणाला. "आणि मी घरात थोडंच करतोय?"

दीपानं पायात चपला सरकवल्या. फोन बंद करून, गाडी तिथेच ठेवून, ती तरातरा चालत दोन रस्ते पलीकडच्या काकूंच्या घरी निघून गेली. डोकं शांत झालं की येईल परत, श्रीरंगनं विचार केला. तोवर बिअर उरकून घ्यावी.

डेकवर गॅसची शेगडी पेटली. काढा उकळला. श्रीरंगनं मोज्यांच्या दोन्ही पायांत सारख्या हॉप्स भरल्या, कमरेला गाठ मारली आणि सगळं पातेल्यात सोडलं. दाढीवाला म्हणाला होता ते खरं होतं, फुलं फुगली. पाच मिनिटांत पोटऱ्या भरल्या, दहा मिनिटांत मांड्या. आणि मग वाफ कोंडून दोन्ही पावलं हळूहळू काढ्याच्या वर आली, बोटं आकाशाकडे करून.

श्रीरंगनं लाकडी दांड्यानं एक पाय खाली दाबला. दुसरा वर आला. तो दाबला, पहिला वर आला. "खाली बस म्हणतो ना!" तो दात ओठ खात ओरडला आणि दोन्ही पायांवर रेलला. लालसर काढा डेकवर उडाला.

कुंपणापलीकडे मिसेस लार्सनच्या हातातली झारी पडली.

सात मिनिटांत दोन पोलीस आले. एक वयस्क, एक तरुण. "पातेल्यापासून लांब हो," वयस्क पोलीस म्हणाला. "हात दिसू देत."

श्रीरंगनं हात वर केले. दांडा सुटल्याबरोबर पायही वर आले.

"तुझी बायको कुठे आहे?"

"मला माहीत नाही. निघून गेली."

"तिची गाडी तर दारात आहे. फोन लाव तिला."

श्रीरंगनं फोन लावला. बंद.

"भांडण झालं होतं?"

श्रीरंग खोटं बोलणारा माणूस नव्हता, काल दुकानात बोलला तेवढंच. त्यानं मान डोलावली आणि पातेल्याकडे बोट केलं. "यावरूनच."

तरुण पोलीस दोन पावलं मागे सरला. तेवढ्यात डेकच्या पायऱ्यांवरून दीपा वर आली. मागे, घटना अर्धवट कळू नये म्हणून, काकू.

"ही बघा! हीच माझी बायको!" श्रीरंग आनंदानं किंचाळला. "जिवंत आहे!"

"मॅडम, तुम्ही याच्या पत्नी का?"

"ते त्यालाच विचारा," दीपा म्हणाली.

"पण तुम्ही ओळखता ना याला?"

"कालपर्यंत ओळखत होते." मग तिची नजर पातेल्याकडे गेली. मोजे तिनं ओळखले. काकूंनी वर्णन चोख केलं होतं. "कुणाचे आहेत हे?"

"तेच आम्ही विचारतोय," वयस्क पोलीस म्हणाला.

श्रीरंगनं दांड्यानं ते कमरेखालचं धूड उचललं, पातेल्याच्या काठावर आडवं टाकलं आणि कात्रीनं टर्रकन फाडलं. हिरव्यागार पाल्याचा वाफाळता ढीग बाहेर आला. "हॉप्स!" तो जवळजवळ रडत म्हणाला. "हॉप्स आहेत गं! तोटी तुंबू नये म्हणून!"

तरुण पोलिसानं वाकून वास घेतला आणि वयस्काकडे बघून मान हलवली. दीपा मटकन पायरीवर बसली.

"म्हणजे दुसरी कुणी नाहीये?"

"दुसरी? अगं, माझ्या टीममध्ये सगळे टक्कल पडलेले बाप्ये आहेत!"

"मग क्वीन साइज कशाला लागली?" काकू सहजी माघार घेणाऱ्या नव्हत्या.

"फुलं फुगतात, काकू."

दीपाला हसू फुटलं. तिनं पदर नव्हता म्हणून काकूंची ओढणी तोंडात कोंबली, तरी हसू थांबेना. तिला बघून तरुण पोलीसही हसू लागला. हसता हसता दीपा एकाएकी थांबली.

"किती पाकिटं आणलीस?"

"सहा."

"आणि सहातलं एकही माझ्यासाठी नाही?"

वयस्क पोलिसानं चटकन वही मिटली. असल्या ठिकाणी थांबू नये, हे नोकरीत शिकवत असावेत. दोघंही निघून गेले.

या सगळ्या गोंधळात शेगडी तशीच धडधडत राहिली होती, आणि फाटलेल्या मोज्यातल्या अर्ध्या हॉप्स पुन्हा काढ्यात पडल्या होत्या. महिन्याभरानं तयार झालेली बिअर इतकी कडू निघाली, की श्रीरंगच्या मित्रांनी एकेक घोट घेतला आणि दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं असल्याचं सर्वांना एकदमच आठवलं.

त्याच आठवड्यात मिसेस लार्सन सफरचंदाचा पाय, म्हणजे खायचा, घेऊन माफी मागायला आल्या. दीपानं रीत म्हणून एक ग्लास पुढे केला. म्हातारीनं घोट घेतला, डोळे मिटले, आणि ग्लास रिकामा करूनच उघडले.

"अशी कडू मी कित्येक वर्षांत प्यायले नाही," त्या म्हणाल्या आणि जाताना बारा बाटल्या घेऊन गेल्या.

आता शनिवारी दुपारी डेकवर सामसूम असली, की कुंपणावरून पांढरं डोकं डोकावतं आणि काळजीच्या सुरात हाक येते, "श्रीरंग, सगळं ठीक आहे ना? आज पाय दिसले नाहीत!"