वाळलंय का बघतो

"पॉलिशवाला कशाला? तीन हात वॉर्निश मारलं की टेबलाचा आरसा! व्याही त्यात बघून भांग पाडतील!" अप्पांनी मिशीवर ताव देत जाहीर केलं.

रविवारी लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार होती. व्याही कडक शिस्तीचे म्हणे! आणि जेवणाच्या टेबलावर तर कपांचे डाग देवीच्या व्रणांसारखे पसरलेले.

पहिला हात

अप्पांनी टेबल घासलं, पुसलं, ब्रश मोरपिसासारखा फिरवला. "रात्रभर वाळू द्यायचं. कोणी शिवायचं नाही!"

"आम्हाला काय दुसरे उद्योग नाहीत?" बायको म्हणाली.

सगळे पांगले. अप्पांचं बोट मात्र वळवळायला लागलं. नुसतं टोक. नुसतं बघायला. टेकवलं, आणि उमटला की ठसा! चोर पकडावा इतका स्वच्छ! घरात शोभा नको, म्हणून त्यांनी गुपचूप वरून

दुसरा हात

मारला.

सकाळी आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, चहा पीत तिथून गेली. "वाळलंय वाटतं," म्हणत तिने अख्खा तळवा टेकवला. तळवा सुटला, पण आयुष्यरेषा, भाग्यरेषा सगळं टेबलावर ठेवून! "आता हा घर डोक्यावर घेईल!" ब्रश शेजारीच होता. आत्याने इकडेतिकडे बघितलं आणि दिला

तिसरा हात.

लेकीने कोपराने बघितलं. बायकोने करंगळीने. आणि मग ज्याचं त्याने आपापलं निस्तरलं.

चौथा, पाचवा, कितवा कोण जाणे

हा परिच्छेद अजून ओला आहे. बोट लावू नये.

(लावलंत ना?)

रविवार

"हे वाळत का नाही? कोणी शिवलं का?" अप्पा गरजले.

"छे!" तिघी एका सुरात म्हणाल्या. तिघींचे हात काचेसारखे चकाकत होते. अप्पांनी स्वतःचं बोट खिशात घातलं.

"वर कापड घालू या," बायको म्हणाली.

"चिकटेल!"

"मग ताटं काय मांडीवर द्यायची? बाबा, माझं लग्न मोडणार तुमच्या आरशापायी!" लेकीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात बेल वाजली.

व्याही आले. ताठ मान, इस्त्रीचा शर्ट, मागे विहीणबाई. टेबलापाशी थबकले. "घरी केलंत?"

"स्वतः! पण जरा... लांबूनच बघा," अप्पा म्हणाले आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाले.

परत येतात तो व्याही हात मागे बांधून, छताकडे बघत उभे. आणि टेबलाच्या मधोमध एक भलामोठा, ताजा अंगठा!

विहीणबाई कडाडल्या, "अहो, हात दाखवा! सांगितलं होतं ना, लोकांच्या घरी तरी नको म्हणून?"

व्याह्यांचे कान लाल झाले. ते अप्पांच्या कानाशी लागले, "अप्पासाहेब... ब्रश कुठे ठेवलाय हो?"

अप्पांचा जीव भांड्यात पडला. माणसं आपल्यातलीच निघाली!

ताटं मांडीवर घेऊन सगळे पोटभर जेवले. लग्न तिथल्या तिथे पक्कं झालं.

टेबल अजून कच्चंच आहे.