घोड्याचं आजोळ

कुठल्याही घोड्याचं नाव काढा, गुप्त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "आई कोण?"

हे ते इतक्या गंभीरपणे विचारत की नव्या माणसाला वाटावं, घोडीची तब्येत बरी नसल्याचं यांच्या कानावर आलंय. मग चष्मा कपाळावर चढवायचा, वर्तमानपत्राचं शर्यतीचं पान नाकाशी धरायचं आणि बारीक टायपातल्या वंशावळीवर बोट फिरवत म्हणायचं, "बाप नामांकित आहे, ठीक आहे. बापाचं कौतुक सगळेच सांगतात. आजोळ बघा हो, आजोळ! स्वभाव तिकडून येतो."

गुप्ते मूळचे ठाण्याचे. दुबईच्या बर दुबई भागातल्या आमच्या शिपिंग कंपनीत ते क्लेम्स बघायचे आणि करामा वस्तीत आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. स्वतः गुप्ते आयुष्यात एकदाच घोड्यावर बसले होते, माथेरानला, आणि तिथेही त्यांनी म्हणे घोडेवाल्याला घोड्याच्या आईचं नाव विचारलं होतं.

खरं तर घोडे हा त्यांचा जोडधंदा. मुख्य छंद लग्नं जुळवण्याचा. करामा, शारजा, पार अबुधाबीपर्यंतच्या बिनलग्नाच्या मराठी इंजिनियरांच्या पत्रिका त्यांच्या कपाटात. शुक्रवारी सकाळी सगळी दुबई झोपलेली असताना गुप्ते फोनवर कुणाच्या तरी मामाचा स्वभाव काढून घेत असत. अशा माणसाच्या हाती शर्यतीचं पान पडलं आणि त्यांना घबाडच मिळालं. "अहो, आपल्याकडे स्थळाची एवढी माहिती कुणी देतं का?" ते मला म्हणाले. "बाप, आई, आईचा बाप, वय, वजन, रंग. आणि मागच्या शर्यतींत कितवा आला तेही छापतात. नवऱ्यामुलाचं असं छापून आलं असतं तर माझं अर्धं काम वाचलं असतं."

दुबईत शर्यतीवर पैसे लावायला बंदी. त्यामुळे इथे घोडा ओळखणं हा निव्वळ अकलेचा खेळ. हिवाळ्यात गुरुवारी संध्याकाळी रेसकोर्सवर फुकट आत सोडत, फुकट कार्ड देत, त्यावर कोण जिंकेल ते लिहायचं. गुप्ते सहकुटुंब जात. काकू थालीपिठांचा डबा घेत. पण त्या सपाट शर्यती गुप्त्यांना फारशा मानवत नसत. "सपाट पळायला काय लागतं? तो शेख झायेद रोड झाला, सरळसोट. मध्ये काही आडवं आलं की मग कळतं कोण कसा आहे ते."

आडवं येणाऱ्या शर्यतींची सोय आमच्या मॅनेजरने केली होती. बार्न्स नावाचा हा गोरागोमटा, घामेजलेला इंग्रज. दर मार्चमध्ये त्याच्या देशात कुंपणांवरून उड्या मारणाऱ्या घोड्यांच्या शर्यतींचा मोठा उत्सव असतो. त्या दिवसांत बार्न्स कामात नसे. मुख्य दिवशी संध्याकाळी तो आम्हा सगळ्यांना जुमेरातल्या व्हिलावर बोलावी, मोठा टीव्ही लावी आणि प्रत्येकाच्या हातात एक कार्ड देई. सगळ्यात जास्त विजेते ओळखणाऱ्याला बक्षीस म्हणून बिस्किटांचा भलामोठा डबा.

पहिल्याच वर्षी तो डबा गुप्त्यांनी मारला. आजोळ बघून बघून त्यांनी तीन घोडे बरोबर सांगितले. बार्न्सने त्यांना मिठी मारली. बिस्किटं आठवड्यात संपली, डब्यात काकूंनी चिवडा भरला आणि तो डबा पुढे कायम टीव्हीवर दिसेल असा राहिला. त्यानंतर मात्र गुप्त्यांचा एकही घोडा धड आला नाही. आजोळ उत्तम, पण घोडा सगळ्यांच्या मागून फिरायला निघाल्यासारखा. आमच्या ट्रान्सपोर्ट खात्यातला मुकादम हा रत्नागिरीचा, पैज नाही म्हटलं तरी तो कार्ड भरायचा नाही, "आमच्यात नाय चालत" म्हणायचा. पण समोसे घेऊन पुढच्या खुर्चीत बसायचा आणि मोठ्याने विचारायचा, "गुप्तेसाब, तुमचा घोडा अजून यायचाय काय? लाँचने सुटला असंल." गुप्ते शांतपणे म्हणायचे, "घराण्यात दोष नाही. जॉकीने घोळ घातला."

मग त्यांनी स्वतःच्या मुलीचं लग्न जुळवलं.

मृणाल एकुलती एक. मुंबईत आर्किटेक्ट झालेली, उंच, हसरी, बापासारखीच बोलकी. तिच्यासाठी गुप्त्यांनी जे संशोधन केलं तसं कुठल्याही घोड्यासाठी केलं नसेल. मुलगा पुण्याचा, आजोळ साताऱ्याचं, आजी शाळेत मुख्याध्यापिका. "आजोळ पाहिलंत?" ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होते. लग्न ठाण्याला झालं, आम्ही सगळे सुट्टी जुळवून गेलो होतो.

दीडेक वर्षात मृणाल दोन बॅगा घेऊन दुबईला परत आली. काय झालं ते आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं नाही. काकूंनी माझ्या बायकोला थोडंसं सांगितलं : नोकरी सोडायला लावली, माहेरी फोन करायची चोरी, एकटीने बाहेर पडायची चोरी. गुप्ते एवढंच म्हणाले, "खलास. आता तो विषय नको." त्या आठवड्यात त्यांनी कपाटातल्या सगळ्या पत्रिका ज्याच्या त्याला परत केल्या. "दुसरीकडे बघा," म्हणाले. एवढा बडबड्या माणूस, पण ऑफिसात जेवणाच्या सुट्टीतही खिडकीबाहेर बघत बसायला लागला. मला ते बघवत नसे.

मार्चमध्ये बार्न्सचं बोलावणं आलं तेव्हा गुप्ते येतील असं वाटलं नव्हतं. आले. कार्ड भरताना मी डोकावलो, तर त्यांनी आजोळाचा रकाना वाचलाच नव्हता. घोडा मागच्या एखाद्या शर्यतीत पडला असेल तर त्याच्या नावापुढे बारीक 'एफ' छापतात. गुप्ते लाल पेनाने ते एफ शोधत होते आणि नेमके तेच घोडे कार्डावर लिहीत होते.

"गुप्टे, माय फ्रेंड," बार्न्स कळवळून म्हणाला, "दिस वन फेल लास्ट टाइम."

"येस सर. आय नो सर."

त्या संध्याकाळी त्यांच्या घोड्यांनी जी काही लोळण घेतली तिला तोड नव्हती. माझा मुलगा गाडीत म्हणालासुद्धा, "बाबा, गुप्ते अंकल ऑलवेज पिक्स द वन दॅट फॉल्स." कॉपर केटल नावाची एक घोडी तर शेवटून दुसऱ्या कुंपणावर आपटली, जॉकी एकीकडे, ती एकीकडे. पण ती उठली आणि पाठीवर कुणी नसताना बाकीच्यांच्या मागे धावत सुटली. सगळे जिंकणाऱ्या घोड्याकडे बघत ओरडत होते आणि गुप्ते टीव्हीच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या त्या घोडीकडे बघत होते.

"काय हे गुप्तेसाहेब," मी म्हटलं, "पडणारे घोडे का निवडता?"

"पडणारे नाही हो, पडलेले," ते म्हणाले. "त्यांना कुणी निवडत नाही. कुणाच्या तरी कार्डावर ते असायला हवेत ना?" मग थोडं थांबून म्हणाले, "आणि उडी सगळेच मारतात. उतरतो कसा ते बघायचं असतं. मी इतकी वर्षं भलतंच बघत होतो."

त्यानंतर ऑफिसात कुणी आजोळाची चेष्टा केली तर मीच त्याच्यावर डाफरायचो.

मृणाल घरातून बाहेर पडत नव्हती. भाजीलासुद्धा नाही. शेवटी गुप्त्यांनी तिला ड्रायव्हिंग स्कूलला घातलं. दुबईत लायसन्स मिळवणं म्हणजे काय ते इथे राहिलेल्यालाच कळेल. शेजारी वर्दीतली परीक्षक, मागच्या सीटवर आपली पाळी येईपर्यंत मनात देव आठवणाऱ्या आणखी दोघीतिघी, आणि दोन मिनिटांत निकाल. चांगल्या चांगल्या डॉक्टरणी नापास होतात. मृणाल दर वेळी एकाच ठिकाणी अडकायची, राउंडअबाउटच्या, म्हणजे गोल चौकाच्या, तोंडाशी. वाट मोकळी दिसली तरी गाडी पुढे जायची नाही. मागचे हॉर्न वाजवत, परीक्षक म्हणे, "खलास, साइडला घे. यल्ला, नेक्स्ट."

कितीदा नापास झाली ते मोजणं आम्ही सोडून दिलं होतं. गुप्ते सुट्टी काढून दर वेळी सोबत जायचे आणि परत आले की सांगायचे, "तिला भीती नाही वाटत हो. तिला घाई नाही, एवढंच."

पुढच्या मार्चच्या आधी तिला एका फर्ममध्ये नोकरी मिळत होती. आर्किटेक्टची, तिच्या शिक्षणाची. अट एकच : साइटवर स्वतः गाडी घेऊन जायचं, तेव्हा लायसन्स हवं. टेस्टची तारीख पडली नेमकी बार्न्सच्या पार्टीच्या दिवशी. आदल्या संध्याकाळी जिन्यात मृणाल माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, उद्या नाही झालं तर मी परत देणार नाही. नोकरीला नाही सांगते आणि बसते घरी. बाबांनाही सांगितलंय." गुप्ते मागेच उभे होते. त्यांनी बार्न्सकडून आधीच मागून घेतलेलं कार्ड भरून माझ्या हातात दिलं. त्यावर कॉपर केटलचं नाव होतं.

"या वर्षी परत पळतेय," ते म्हणाले. "मला उशीर झाला तर तुम्ही बघा. नीट बघा."

दुसऱ्या दिवशी गुप्ते ऑफिसला आले नाहीत, फोनही नाही. मुकादम सकाळपासून माझ्या टेबलाशी येरझाऱ्या घालत होता. "काय कळलं? पोरीचं काय झालं?" दुपारी म्हणाला, "मी दुवा मागून आलोय. आज व्हायलाच पायजे, इन्शाल्ला." संध्याकाळी आम्ही जुमेराला जमलो तरी गुप्त्यांचा पत्ता नव्हता. घरी फोन केला तर काकू म्हणाल्या, दोघं सकाळी गेलेत ते अजून परत नाहीत. मुकादमने समोशाला हात लावला नाही, यावरून काय ते समजा.

शर्यत सुटली. मी कधी नव्हे ते मन लावून बघत होतो. कॉपर केटल मधल्या घोळक्यात होती. शेवटून दुसरं कुंपण जवळ आलं तसा मी उभाच राहिलो. तिने उडी घेतली, पुढचे पाय टेकले, मान जरा खाली गेली, वाटलं गेली, आणि ती सावरली. बार्न्सचा घोडा जिंकला म्हणून तो नाचत होता, आणि मी आणि मुकादम चौथ्या आलेल्या घोडीसाठी टाळ्या वाजवत होतो.

तेवढ्यात फाटकाशी गुप्त्यांची जुनी पांढरी गाडी आली. आम्ही धावत बाहेर गेलो. गुप्ते उजव्या बाजूच्या दारातून उतरत होते, म्हणजे इथे ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवरून. स्टिअरिंगवर मृणाल होती.

"झाली!" गुप्ते म्हणाले. "दुपारीच लायसन्स हातात मिळालं. मग म्हणाली, मीच चालवते."

"मग इतका वेळ कुठे होतात?"

"शारजाला," गुप्ते म्हणाले. "एक्झिट चुकली. तिथून परतही तिनेच आणली. वाटेतले सगळे राउंडअबाउट घेतले." चुकलेल्या रस्त्याचं इतकं कौतुक मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मग ते माझ्या जवळ आले. "आपल्या घोडीचं काय झालं?"

"चौथी आली."

"ते राहू द्या हो. शेवटून दुसरं कुंपण?"

"मारली उडी."

"उतरली कशी?"

"जरा डगमगली. पण नीट उतरली."

गुप्त्यांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. मागे मृणाल बार्न्सची जीप आणि भिंत यांच्यामध्ये गाडी लावायच्या खटपटीत होती. पुढे, मागे, परत पुढे. मुकादम हात वर करून "आने दो, आने दो" म्हणत निघाला, तर गुप्त्यांनी त्याची बाही धरली.

"नको. कुणीच बघू नका. बघितलं की ती बिचकते."

मग आम्ही सगळे गाडीकडे पाठ करून, बार्न्सच्या बोगनवेलीकडे तोंड करून उभे राहिलो. बक्षिसाचा डबा घेऊन बार्न्स बाहेर आला आणि काय चाललंय म्हणून विचारू लागला, तर मुकादमने त्याला खांद्याला धरून तसाच वळवला आणि आमच्या रांगेत उभा केला. मागे इंजिन गुरगुरत होतं, थांबत होतं, परत गुरगुरत होतं. शेवटी ते बंद झालं आणि दार लागल्याचा आवाज आला.

"बाबा, लावली. बघा आता."

आम्ही सगळे वळलो. गुप्ते मात्र वळले नाहीत. ते सगळे खिसे चाचपून चष्मा शोधत होते. चष्मा त्यांच्या कपाळावर होता, पण तो तिथे आहे हे त्यांना इतक्यात सांगायचं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.