रुमालाखालचा कॉम्प्युटर

चहा किती हवा हेसुद्धा आमच्या शेजारच्या पेढीवरचे अण्णा तोंडाने सांगत नसत. चहावाल्याचा हात ओढून घ्यायचे, वर रुमाल टाकायचे आणि आतून बोटं दाबायचे. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात दर असाच ठरतो, रुमालाखाली, शेजारच्याला कळू नये म्हणून. पण अण्णांनी सगळा संसारच रुमालाखाली नेला होता. त्यांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं मला दारात मांडव उभा राहिल्यावर कळलं, आणि माझं गुळाचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लागून होतं.

"बोललं की भाव जातो," हे त्यांचं पालुपद.

त्यांच्या बोटांची भाषा पुरती कळायची ती एकट्या दिवाणजींना. दिवाणजी कडेगावचे. तरुणपणी पेढीवर लिहायला बसले ते तिथेच म्हातारे झाले. पुढे नजर अधू झाली आणि बिलं चुकायला लागली. अण्णांचा मुलगा पुण्याहून फोन करून सांगायला लागला, वजन, बिल, शेतकऱ्याची हिशेबपट्टी सगळं आपोआप करणारा कॉम्प्युटर घ्या आणि दिवाणजींना घरी बसवा.

मग टाय लावलेले कॉम्प्युटरवाले पेढीवर यायला लागले. अण्णा आधी त्यांचा हात रुमालाखाली घ्यायचे. एकाला वाटलं नाडी बघताहेत, त्याने दुसराही हात पुढे केला. मशीन काय काय करतं हे अण्णा विचारायचेच नाहीत. डोळे मिटून बटणांवरून बोटं फिरवायचे आणि मान हलवून मशीन परत पाठवायचे. सगळी पेठ पोट धरून हसायची. शेवटी एकाच्या मशीनवर आकड्यांची बटणं बाजूला वेगळी होती, आणि पाचाच्या बटणावर बारीकसा उंचवटा होता. अण्णांनी तो पुन्हा पुन्हा चाचपला आणि तेच मशीन घेतलं. का, ते कुणालाच सांगितलं नाही.

दिवाणजींना एवढंच कळलं, की मशीन येतंय, म्हणजे आपलं काम संपलं. अण्णा सौद्याला गेलेले असताना त्यांनी पेढीच्या किल्ल्या गादीवर ठेवल्या आणि कडेगावची एसटी धरली. येतील आज-उद्या, म्हणून अण्णा वाट बघत राहिले. स्वतःहून निरोप काही धाडला नाही. मशीन खोक्यातच राहिलं. आणि एक दिवस कडेगावहून फोन आला, दिवाणजींना अर्धांग झालंय.

अण्णा मला सोबत घेऊन निघाले. दिवाणजी बाजेवर पडले होते, उजवं अंग गेलेलं, डोळ्यांना आता काहीच दिसत नव्हतं. अण्णांनी सवयीने त्यांचा उजवा हात घेतला, वर रुमाल टाकला आणि बोटं दाबत राहिले. पलीकडून काहीच येईना. मला ते बघवेना.

बऱ्याच वेळाने अण्णांनी रुमाल काढून घेतला आणि सगळ्यांदेखत मोठ्याने बोलले.

"दिवाणजी, मशीन तुमच्यासाठीच घेतलंय. पाचाच्या बटणावर टिंब हाय. बोटाला लागतं. बघायला लागत न्हाई."

दिवाणजींनी आवाजाकडे मान वळवली. जीभ जड झाली होती, पण शब्द कळले.

"आदी बोलायचं न्हाई व्हय, आण्णा?"