न बघणारा फोन

मोबाइलच्या दुकानात लोक विचारतात, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे? आमचे घाडीकाका विचारतात, “कॅमेरा काढून देता का?”

मुलुंड स्टेशनजवळच्या एका दुकानात त्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी शेजारी उभा होतो. काउंटरमागच्या जिग्नेशभाईंना आधी वाटलं, काका थट्टा करतायत.

“काका, निकालेगा तो उधर गड्ढा रहेगा ना.”

“रहने दो. गड्ढा देखता नहीं.”

“और सेल्फी कैसे निकालेंगे?”

“माझं तोंड मला पाठ आहे,” काका म्हणाले आणि फोन उलटा करून त्याच्या खालच्या बाजूची बारीक भोकं बघू लागले. “ये क्या है? कान? कान कितने हैं इसको?”

जिग्नेशभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवून चार्जरच्या वायरी बघायला लागलो.

घाडीकाका माझे शेजारी. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. मी मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. नोकरी लागून मुंबईला आलो तेव्हा मला इथे ओळखणारं कुणी नव्हतं, आणि खोलीच्या मालकाला भाडेकरूबद्दल शब्द देणारा स्थानिक माणूस हवा होता. काका गॅलरीत टॉवेल वाळत घालत होते. ते तिथूनच म्हणाले, “देऊन टाका त्याला. बी.कॉम. आहे, पळून कुठे जाणार?” एवढ्या शब्दावर मला घर मिळालं. ते उपकार मी विसरलेलो नाही. अडचण एकच झाली. काकांच्या मते ग्रॅज्युएट माणसाला सगळं येतं. गीझर बिघडला की मी, पेन्शनचा हयातीचा दाखला असला की मी, आणि आता फोनसुद्धा मीच.

काका भांडुपच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, कोण सुट्टी व्हायच्या आधी सटकला, कोण कुणाची हजेरी लावून गेला, हे सगळं त्यांच्या डोळ्यांखालून जायचं. त्यामुळे कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवतंय म्हणजे काय, हे त्यांना आतून माहीत होतं. “आयुष्यभर मी लोकांची हजेरी लावली,” ते म्हणायचे, “आता माझी कुणी लावायची नाही.”

त्यांच्याकडे जुना बटणांचा फोन होता. बाहेर जाताना तोही ते घरीच ठेवायचे, स्वयंपाकघरात, पोह्यांच्या डब्यात. मी एकदा विचारलं, “काका, बरोबर न्यायचा नाही तर मोबाइल कशाला?” ते म्हणाले, “तो घरी आहे म्हणजे मी घरी आहे. बाकी कुणाला काय करायचंय?”

करायचं होतं ते त्यांच्या मुलीला, सुजाताताईंना. त्या बंगळुरूला असतात. एका दुपारी त्यांनी पुन्हा पुन्हा फोन लावला आणि तो पोह्यांत वाजत राहिला. शेवटी त्यांनी मला ऑफिसात फोन केला, मी वॉचमनला वर पाठवलं, दाराला कुलूप. संध्याकाळी काका छत्री झुलवत परत आले. मुलीला सांगितलं, “बागेतल्या कट्ट्यावर होतो गं. आमची मंडळी जमली की वेळ कळत नाही.”

त्या रात्रीच्या जेवणाआधीच हुकूम आला. भिंतीतून मला ताईंचा आवाज येत नव्हता, पण काकांनीच येऊन सांगितला. “स्मार्टफोन घ्या म्हणते. मी कुठे आहे ते तिला नकाशावर दिसलं पाहिजे. नाहीतर गणपती झाले की या जागेला कुलूप, आणि मी तिकडे.”

“मग घेऊया ना काका.”

“घेऊया. पण असा घेऊया की तो कुणाला काही सांगणार नाही.”

“ताईंनासुद्धा?”

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तिकडे जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मुलगी वाईट नव्हती, जावई तर सोन्यासारखा. पण तिथे दोनच बेडरूम. काका गेले की मोठ्या नातीला हॉलमध्ये अभ्यास करावा लागायचा, आणि काका रात्रभर खोकला गिळायचे. “मी पाहुणा म्हणून बरा आहे,” ते म्हणायचे, “कायमचा झालो की अडचण.”

तर आम्ही फोन शोधायला लागलो. मला त्यातलं काही कळत नव्हतं हे सांगायची सोय नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी वाचायचो, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यांना विचारायचो आणि संध्याकाळी काकांना शिकवायचो. एकानं सांगितलं, असे खास फोन करता येतात की ज्यातली मूळ यंत्रणा काढून दुसरी, गुप्तता राखणारी घालतात. काकांचे डोळे चमकले. मग त्यांनी विचारलं, “घालणार कोण?” मी म्हटलं, आपणच घालायची. “तू?” काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “नको. गीझरचं काय झालं ते मला आठवतंय.”

शेवटी माझ्या साध्या डोक्याला जे पटलं ते मी त्यांच्यापुढे ठेवलं. कंपनी जास्त वर्षं सुरक्षेचे अपडेट देते असा फोन घ्यायचा. ज्यात आधीपासून नको ती अ‍ॅप कोंबलेली असतात तो घ्यायचा नाही. आणि कुठल्या अ‍ॅपला काय बघू द्यायचं ते आपण ठरवायचं, त्याला परवानगी म्हणतात.

“म्हणजे गेटपास,” काका म्हणाले.

त्या क्षणापासून त्यांना सगळं कळायला लागलं. फोन आणला त्या रविवारी ते चष्मा लावून, बनियनवर, पाटावर बसले आणि मी एकेक अ‍ॅप त्यांच्यासमोर उभं करत गेलो. कारखान्याच्या गेटवर कामगार रांगेत उभे असावेत तसं.

“ही टॉर्च आहे काका. हिला तुमच्या ओळखीच्यांचे नंबर हवेत.”

“बॅटरीला माझे पाहुणे कशाला? गेटपास नाही.”

“हे हवामानाचं. त्याला माइक हवाय.”

“पाऊस मी बोलल्यावर पडतो का? नाही.”

“हा कॅल्क्युलेटर, फोटो मागतोय.”

“ह्याला कामावरून काढ.”

कॅल्क्युलेटर गेला. पुढे बेरजा ते पूर्वीप्रमाणे बोटांच्या पेरांवर करत राहिले. कॅमेऱ्यावर त्यांनी चिकटपट्टी लावली. असं करत सगळे निपटले आणि उरलं एकच. ठिकाण. मी म्हटलं, “हे मात्र सुजाताताईंसाठी चालू करायचं.”

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. “त्याला वेळ आहे,” ते म्हणाले. “गणपती कुठे लगेच येतायत.” आणि नवाकोरा फोन पोह्यांच्या डब्यात गेला.

याच सुमाराला मला बिल्डरांचे फोन यायला लागले. भांडुपहून, घाटकोपरहून, एकदा थेट बोरिवलीहून. “सर, थ्री बीएचकेमध्ये इंटरेस्टेड आहात ना?” मी दहा बाय बाराच्या खोलीत राहतो. थ्री बीएचके हा शब्दसुद्धा मी घरात उच्चारलेला नव्हता. मी घाबरून काकांना सांगितलं.

“बघ!” काका मांडीवर थाप मारून म्हणाले. “तुझा फोन ऐकतो. मी काय सांगत होतो?”

“पण मी बोललोच नाही काका.”

“मग मनातलं ऐकत असेल. नवीन मॉडेल आहे ना तुझं?” आणि ते घाईघाईनं चहा टाकायला उठले.

एका शनिवारी दुपारी पुन्हा तसाच नंबर आला. मी कापणार होतो, पण पलीकडची मुलगी घाबरलेली वाटली. “सर, तुमचे बाबा आमच्या साइट ऑफिसला आलेत. त्यांना चक्कर आल्यासारखं झालंय. तुम्ही येऊ शकता का?”

माझे वडील गावाकडे, शेतावर. मुंबई त्यांनी पाहिलेली नाही. मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. ती म्हणाली, “नाही सर, घाडी सर. नेहमी येतात आमच्याकडे.”

एलबीएस रोडवरच्या त्या ऑफिसात मी रिक्षानं पोचलो. त्यांनी मला सॅम्पल फ्लॅटमध्ये नेलं. टॉवर अजून पायाच्या खड्ड्यातच असला तरी गिऱ्हाइकाला दाखवायला एक घर हुबेहूब मांडून ठेवतात, तसं ते होतं. टेबलावर प्लास्टिकची संत्री, भिंतीवर पुठ्ठ्याचा टीव्ही. आणि मधल्या सोफ्यावर घाडीकाका, इस्त्रीच्या शर्टात, हातात लिंबू सरबताचा ग्लास घेऊन. मला पाहून ते असे दचकले, जणू मीच त्यांच्या घरात शिरलो होतो.

फोन करणाऱ्या मुलीचं नाव प्राची. तिला हायसं वाटलं होतं, म्हणून ती भरभरून बोलत होती. “सकाळपासून काही खाल्लं नव्हतं बाबांनी. आता बरं वाटतंय. किती हौशी आहेत हो ते! ही खोली मोठ्या नातीची, इथे तिचं टेबल. पलीकडची तुमच्या ताईंची आणि भावजींची. स्वयंपाकघरात गॅस डाव्या हाताला पाहिजे म्हणाले, आई डावखुऱ्या आहेत ना? आईंना आणा की एकदा.”

काकींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलेलंही नाही. मी म्हटलं, “आणू.”

काका ग्लासच्या तळाकडे बघत होते.

परतताना आम्ही रिक्षा केली. सिग्नलला थांबल्यावर मीच म्हटलं, “काका, कट्ट्यावर जायचात ना तुम्ही?”

“कट्टा कुठे राहिलाय रे.” ते बाहेर बघत म्हणाले. “नाईकची बिल्डिंग पाडली, तो डोंबिवलीला गेला. साळवी मुलाकडे, पुण्याला. तिसरा तर गेलाच. बाकावर मी एकटा बसायचो. समोरून येणारे-जाणारे बघायचे, म्हातारा रोज एकटा बसतो. मग म्हटलं, कुठेतरी जाऊया. तिथे गेलं की पंखा असतो, पाणी देतात. ‘बसा ना सर’ म्हणतात. घरात कोण कोण आहे विचारतात.” आणि मग ते एकदम मालवणीवर आले, एरवी मुलीशी भांडतानाच येत तसे. “माका गजाली करूक, बोलूक माणूस नाय रे, म्हेशा. दुसरा काय?”

 मी विचारायचं नव्हतं तेच विचारलं. “पण नंबर माझा का दिलात?”

“मुलाचा नंबर लिहा म्हणतात. मला पाठ तुझाच आहे.”

मुलुंड येईपर्यंत आम्ही दोघंही रस्त्याच्या आपापल्या बाजूला बघत बसलो.

घरी पोचल्यावर मी खिचडी टाकली. जेवता जेवता त्यांनीच विषय काढला. “आता ते ठिकाण चालू केलं तर सुजाताला हे सगळं दिसणार.”

म्हणजे एवढ्यासाठी सगळं चाललं होतं. कॅमेरा, कान, गड्ढा, सगळं. जगातल्या कंपन्यांनी काकांना पाहिलं असतं तरी त्यांना फारसं वाटलं नसतं. फक्त मुलीला कळू नये, की बाबांना कुणी नाही.

“दुपारपुरतं बंद ठेवता येतं काका,” मी म्हटलं. “बटण आहे. कट्ट्यावर रेंज नसते असं सांगू.”

त्यांनी खरंच विचार केला. घास तसाच हातात राहिला. मग त्यांनी मान हलवली. “नाही. अर्ध्या दिवसाची हजेरी मी कधी कुणाला पूर्ण लावू दिली नाही. आता स्वतःची लावू? लावायची तर आख्खी लाव.”

हात धुऊन त्यांनी फोन आणला, त्यावरचे पोहे झटकले आणि माझ्यासमोर ठेवला. मी सेटिंग केलं. शेवटचं बटण त्यांनी स्वतः दाबलं, अंगठा उठवतात तसं, जोर लावून. मग विचारलं, “आता मी दिसतो?”

“दिसता.”

“बरं,” ते म्हणाले आणि ताटं उचलायला लागले.

त्यानंतर त्यांचं जाणं थांबलं नाही. फक्त आता फोन शर्टाच्या खिशात असायचा आणि खिशाला सेफ्टी पिन. मला वाटलं, ताई लगेच विचारतील. पण आठवडा असाच गेला. काका रोज संध्याकाळी आल्यावर माझ्या दारात थांबून विचारायचे, “तुला काही फोन?” मी नाही म्हणायचो. त्यावर ते “हं” म्हणून कुलूप उघडायचे. त्यांना भीती वाटत होती की वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

ताईंचा फोन आला तो रविवारी संध्याकाळी. मी भाजी निवडत होतो. मागे त्यांच्याकडे कुकरची शिट्टी होत होती.

“महेश, खरं सांग हं. बाबा कुठल्या कुठल्या बिल्डरांकडे जातायत. भांडुप काय, घाटकोपर काय, परवा बोरिवली. तिथे तास-दीड तास असतात. मी विचारलं तर म्हणतात, तुला दिसतंय ना, मग झालं. जागा विकायला काढलीय का त्यांनी? कुणी फसवत नाही ना?”

“विकत नाहीत ताई. बघतायत.”

“काय बघतायत?”

“घर.”

“या वयात? कुणासाठी?”

मला थाप मारता आली असती. पण ज्या माणसानं स्वतः बटण दाबलं होतं, त्याच्या वतीनं मी काय लपवणार?

“तुमच्यासाठी,” मी म्हटलं. “तुम्ही, भावजी, मुलं. आणि ते. सगळ्यांनी एकत्र राहायचं असं.”

पलीकडे कुकर होता, तोही बंद झाला. मला वाटलं लाइन तुटली. मग ताईंचा आवाज आला, अगदी लहान झालेला.

“किती खोल्यांचं बघतायत?”

“ते मी कसं सांगू ताई? त्यांनाच विचारा,” मी म्हटलं. “आत्ता कुठे आहेत ते तर तुम्हाला दिसतंच आहे.”

“दिसतायत,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.