शांताक्का आणि सोलरवाले

आमच्या गल्लीतली शांताक्का भाजी आणायलासुद्धा पिवळं हेल्मेट घालून जाते. जैन बस्तीत दर्शनाला गेली की तेवढ्यापुरतं काढते, चपलांशेजारी ठेवते आणि हात जोडायच्या आधी एकदा मागं वळून बघते. लोक हसतात. हसू देत मेले! मी तिची शेजारीण, मला त्या हेल्मेटमागचा राग ठाऊक आहे.

झालं असं, मिरजेत बायकांसाठी सोलर टेक्निशियनचा कोर्स निघाला. शांताक्का पन्नाशीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. तिनं नाव घातलं. पॅनेल बसवायचं, वायरी जोडायच्या, कमरेला पट्टा बांधून छतावर चढायचं, सगळं शिकली. शेवटच्या दिवशी पाहुणे आले. बायकांच्या डोक्यांवर नवी हेल्मेटं चढली, फोटो झाले. पाहुण्यांची गाडी वळली न वळली, तोच हेल्मेटं गोळा करायला माणूस हजर! शांताक्कानं दिलं नाही. "डोकं माझं, शिकणं माझं, आन टोपी तुमची व्हय रं?" तो बिचारा पुढच्या बाईकडं वळला.

तेव्हापासून गावातली सगळी छतं हिच्या मालकीची. उन्हाळ्यात मी आमच्या छतावरच्या सोलर पॅनेलांवर कागद अंथरून कुरडया घातल्या. सपाट जागा, कडक ऊन, अजून काय पाहिजे? तर ही रस्त्यावरून ओरडली, "सावली काढ आधी! सोलरवाल्यांनी तुला ताट दिलंय व्हय कुरडया वाळवाय?" आणि शिडी लावून वर येऊन माझ्या ओल्या कुरडयांचा कागद तिनं गोळा केला. पार लगदा! मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पातेलंभर गव्हाचा चीक घेऊन स्वतःच आली, आणि सोऱ्या दाबता दाबता पुन्हा मलाच शिव्या.

एवढं शिकून काम मिळावं की नाही? जिथं जाईल तिथं एकच रड. "बाईमाणसाला छतावर कोण चढवणार? पडली-बिडली म्हणजे?"

"आन गडी पडला तर झेलताय व्हय?" इति शांताक्का.

खरंच, मग शिकवलं कशाला? फोटोपुरतं? माझं डोकं आजही तापतं.

शेवटी माळावरच्या सोलर प्लँटवरून बोलावणं आलं. शांताक्का इस्त्रीची साडी नेसून, पिशवीत पक्कड घालून गेली. मुकादमानं हातात बादली दिली आणि सांगितलं, पॅनेलं पुसायची, जोडायला गडी आहेत. संध्याकाळी परत आली ती अख्ख्या गल्लीला ऐकवत. "शिकिवलं वायर जोडाय, आन देत्यात फडकं! फडकं माराय मला घर न्हाई व्हय? आग लागू दे असल्या नोकरीला!"

बरं केलंस आक्का, म्हटलं मी. अगदी मनापासून म्हटलं.

सोमवारी सकाळी दुधाला निघाले तर ही एसटीच्या थांब्यावर, हातात डबा.

"कुठं गं आक्का?"

"प्लँटवर."

"पुसायला?"

"व्हय."

मी भडकलेच. "परवा एवढी गल्ली डोक्यावर घेतलीस, आणि आज निघालीस फडकं मारायला? काही वाटत नाही?"

तिनं इकडंतिकडं बघितलं. शांताक्काचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"आमच्या वर्गातली ती अश्विनी हाय न्हवं, वरच्या आळीची? लय हुशार पोरगी. माझ्या आधी वायर जोडायची. मुकादम म्हणतो, येकट्या बाईला कुणाबरूबर चढवू, चौघीपाचजणी आणा, मग वायरीचं काम देतो. आन हिचा बाप म्हणतो, तिथं सगळं गडी, येक तरी बाई हाय का? मग आधी कुणीतरी आत जाया पायजे का न्हाई? पोरगी यायची कुणाच्या भरवशावर? घरात बसून तिचं हात विसरून जातील गं."

एसटी आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि गाडी हलल्यावर बाहेर डोकावली.

"तिच्या बापाला सांग, आक्का हाय म्हणावं तिथं. फडक्याचं तेवढं बोलू नगंस."