बाकीचा माणूस कुठाय?

आमच्या शेजारच्या लेलेकाकांकडे गेलं, की चहाच्या आधी हातात भिंग येतं. काका स्मारक नाणी जमवतात, तीही फक्त अपंगत्व असलेल्या थोर माणसांची. अंध गायक, बहिरी लेखिका, एका पायाचा गिर्यारोहक, अशी देशोदेशीची मंडळी त्यांच्या विश्रांतवाडीतल्या दोन खोल्यांत सुखाने नांदतात. नाणं कडेनेच धरायचं. चेहऱ्याला बोट लागलं, तर काका चहा अर्धाच कप देतात.

एवढं प्रेम, तरी प्रत्येक नाण्यावर त्यांचा राग. कारण त्यावर फक्त चेहरा असतो. "चेहरा झाला. बाकीचा माणूस कुठाय?" असं ते मला दरडावून विचारतात, जणू नाणी मीच पाडली. गिर्यारोहकाचा लाकडी पाय का वगळला, असा जाब विचारणारं पत्र त्यांनी परदेशी टांकसाळीला शुद्ध मराठीत धाडलंय. पुढे चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स, माझं आधार कार्ड, कशालाच त्या प्रश्नातून सुट्टी मिळेना. मी त्यांना विक्षिप्त ठरवून मोकळा झालो होतो.

यंदा भाऊबीजेला ते मला वारज्याला त्यांच्या ताईंकडे घेऊन गेले. माझ्या फोनचा कॅमेरा चांगला, हे कारण. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ताई कुबडी घेऊन चालतात. भिंतीवर काकांच्या लग्नातला फोटो होता. मुंडावळ्या बांधलेले काका, शेजारी ताई, दोघांचे नुसते चेहरे.

"फोटोग्राफरला मीच सांगितलं होतं," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "कुबडी येऊ देऊ नका म्हणून. लाज वाटली होती मला."

त्यांना विक्षिप्त म्हटल्याचं मला फार वाईट वाटलं.

ओवाळून झालं. मी फोन काढला, तशी ताईंनी सवयीने कुबडी खुर्चीमागे सरकवली. काकांनी ती काढून परत त्यांच्या हातात दिली.

"राहू दे रे बाळू. चेहरा आला की झालं," ताई म्हणाल्या.

"नाही झालं," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "अहो, मागे सरका जरा. पूर्ण माणूस घ्या."

मी पार दारापर्यंत मागे सरकलो. फोटोत ताई कुबडीसकट छान आल्या आहेत. बाकीचे काकाही आलेत, चेहरा तेवढा रुमालाआड गेला.