संताविना आलेलं वादळ

सकाळी समुद्र तांब्याच्या रंगाचा झाला आणि तेवढ्यात बासिलिओच्या लेकीला, लुदिविनाला, कळा सुरू झाल्या. आज दोघंही येणार, वादळ आणि नातवंड, हे म्हाताऱ्याच्या लगेच ध्यानात आलं.

प्वेर्तो रिकोच्या त्या किनाऱ्यावर ज्या संताच्या दिवशी वादळ येई, त्याचं नाव वादळाला मिळे. आणि त्या दिवशी जन्मलेल्या मुलालाही तेच. बासिलिओचा थोरला भाऊ सिप्रियान असाच वादळात जन्मला होता. तो दारात दिसला की लोक मुद्दाम छपराकडे बघत. त्यानं वीस वर्षं हसून काढली आणि एक दिवस गलबतात बसून कायमचा निघून गेला. बासिलिओला अजून त्याची आठवण येई.

गावात कॅलेंडर एकच, एउफ्रासियाच्या दुकानात. रोजच्या पानावर त्या दिवसाचा संत छापलेला. एउफ्रासिया सुईणही होती, म्हणून दुकान उघडं टाकून ती त्याच्याच घरी आलेली. बाहेर वारा पडला होता, नारळाची झावळीसुद्धा हलत नव्हती, सगळा रस्ता पेंगत होता. बासिलिओ झोपेत चालल्यासारखा दुकानात शिरला. त्यानं आजचं पान फाडलं, संताची क्षमा मागितली आणि पान चावून गिळून टाकलं. नावच नसेल तर पोराला चिकटेल कसं?

दुपारी वादळ आलं, गावाची छपरं घेऊन गेलं. त्याच गोंधळात नातू जन्मला.

संध्याकाळी गाव बासिलिओच्या अंगणात जमलं. वादळाला नाव हवं होतं.

"आजचं पानच नाहीये," एउफ्रासिया म्हणाली.

"मग उद्याचा संत घ्या," कुणीतरी सुचवलं.

"त्या बिचाऱ्यानं काय घोडं मारलंय?" एवढं बोलून ती थबकली. "अहो बासिलिओ, मिशीत कागद कसला अडकलाय?"

बासिलिओनं सगळं सांगून टाकलं, सिप्रियानचंसुद्धा.

"म्हणजे संत खाल्लात तुम्ही," एउफ्रासिया म्हणाली. "आता माझ्या कोंबड्या कुठल्या वादळात गेल्या म्हणून सांगू? तुमच्याच नावानं सांगणार."

गावाला ते पटलं. वादळाचं नाव बासिलिओ ठरलं. म्हाताऱ्यानं मान खाली घातली, पण मनातून तो सुखावला होता. पोर तर सुटलं.

तो आत गेला. लुदिविना अर्धवट झोपेत होती, बाळ तिच्या कुशीत.

"बाबा, आज संतच नाही म्हणे," ती पुटपुटली. "मग मी याला तुमचंच नाव दिलं."

बासिलिओनं बाळाचं पांघरूण नीट केलं.

"छान आहे," तो म्हणाला. "फक्त लोकांची छपरं दुरुस्त होईपर्यंत कुणाला सांगू नकोस."